दार्जिलिंगच्या वाफेच्या इंजिनाचे फोटो: वाफ पांढरीफटक आणि चाकं काळीठिक्कर, काय करावं?

भटकीभिंगरी

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दार्जिलिंगला चार दिवस आहे. त्यातले दोन दिवस फक्त वाफेच्या इंजिनासाठी राखून ठेवलेत. दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग जॉयराइडच्या एका फेरीचं तिकीट काढलंय, बाकीच्या फेऱ्या बाहेरून टिपायच्या आहेत.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा मिररलेस. लेन्सा दोन: १८-५५ आणि ५५-२१०. मोनोपॉड आहे, ट्रायपॉड न्यायचा की नाही ते ठरत नाहीये.

अडचण अशी. वाफेच्या इंजिनाचे जे फोटो जमवलेत त्यात वाफ म्हणजे नुसता चुन्याचा फराटा, आत काही तपशीलच नाही. वाफ वाचवायला एक्सपोजर कमी केलं की चाकं, दांडे, खालचा सगळा भाग काळाठिक्कर. शिवाय शटर जलद ठेवला की गाडी उभीच असल्यासारखी वाटते आणि मंद ठेवला की सगळंच हललेलं येतं.

तर प्रश्न: उभं कुठे राहायचं, किती वाजता, आणि सेटिंग काय? आणि इंजिन नुसतं उभं असताना धूर दिसतच नाही, तर भरपूर वाफ नेमकी कधी मिळते? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

---

नॅरोगेज

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

धुराड्यातून जो भपकारा येतो ती सिलिंडरमध्ये काम करून बाहेर पडलेली वाफ असते. ती धुराड्यातून वर जाताना भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेते. ड्रायव्हरने रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) उघडला आणि इंजिन ओढ घेत असलं तरच हे होतं. उतारावर रेग्युलेटर बंद असतो, गाडी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि धुराड्यातून जेमतेम धुराची रेघ निघते. घूम २,२५८ मीटरवर आहे, दार्जिलिंग स्टेशन त्याहून जवळजवळ १८० मीटर खाली. म्हणजे जॉयराइडची जाताना चढण, येताना उतार. धूर-वाफेचे सगळे फोटो घूमकडे जाताना काढायचे. परतीच्या वाटेवर माणसं, दुकानं, वळणावरचे डबे असे विषय ठेवा. बरेच जण बतासियाला (वाटेतला रुळाचा गोल फेरा) परतीच्या गाडीसाठी तासभर ताटकळतात आणि मग "आज इंजिनाने वाफच सोडली नाही" म्हणतात.

जाणाऱ्या गाडीतही भपकारा एकसारखा नसतो. सगळ्यात दाट मिळतो तो गाडी सुटताना. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ थंड होऊन पाणी साचतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनने तसाच जोर लावला तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून सुटताना ड्रायव्हर सिलिंडरखालचे कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे ठेवतो आणि चाकांजवळून दोन्ही बाजूंना वाफेचे फवारे निघतात. चाकांच्या दोन-चार फेऱ्या झाल्या की कॉक बंद. म्हणजे खालची वाफ आणि वरचा भपकारा एकाच फ्रेममध्ये पाहिजे असेल तर तुमच्याकडे पाच-दहा सेकंद आहेत. शिट्टी झाली की बोट शटरवर. दार्जिलिंग स्टेशन, बतासिया आणि घूम, तिन्हीकडे गाडी सुटते. घूमहून सुटताना उतार असल्यामुळे वरचा भपकारा बेताचा, पण खालचे फवारे तिथेही मिळतात.

धुराचा रंगही वाचायला शिका. फायरमनने आत्ताच कोळसा टाकला असेल तर धूर काळपट येतो, कारण नव्या कोळशाला पुरेशी हवा मिळायला थोडा वेळ लागतो. मग तो करडा होतो, मग जवळजवळ पांढरा. काळ्या धुराने फोटोला जोर येतो हे खरं, पण काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेला कोळसा, चांगला फायरमन तो टाळतोच. "काला धुआँ दिखाओ" अशा फर्माइशी करू नका. त्याला शेवटपर्यंत प्रेशर राखायचं असतं.

आता हवामान. वाफ स्वतः दिसत नाही, थंड हवेत तिचे बारीक थेंब झाले की दिसते. पारा जितका खाली तितका भपकारा दाट आणि जास्त वेळ टिकणारा. म्हणून सकाळची पहिली फेरी सोन्यासारखी. तीच गाडी, तेच इंजिन दुपारच्या उन्हात निम्म्याहून कमी दाखवेल.

घड्याळाची एक गोष्ट मुंबई-पुण्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही. दार्जिलिंग आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला आहे आणि घड्याळ एकच. नोव्हेंबरअखेर तिथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, साडेअकराच्या आधीच डोक्यावर येतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. दुपारी चारच्या आसपासची फेरी असेल तर उन्हाच्या शेवटच्या तिरिपीत निघेल आणि परत येईपर्यंत काळोख. सकाळी ८ ते ९ सूर्य आग्नेयेला, २० ते ३० अंशांवर असतो. हे तिरपं ऊन थेट चाकांच्या खाली शिरतं. तुमची चाकं काळी येण्याचं निम्मं कारण कॅमेऱ्यात नाही, डोक्यावरच्या उन्हात आहे. वरची पाण्याची टाकी सगळ्या दांड्यांवर सावली टाकते.

फेऱ्यांच्या वेळा हंगामानुसार बदलतात, आणि सगळ्या फेऱ्यांना वाफेचं इंजिन नसतं, काही डिझेलच्या असतात. आयआरसीटीसीवर आदल्या दिवशी बघाच.

जागा सांगतो.

*दार्जिलिंगचं शेड.* इंजिनं ठेवायची जागा, स्टेशनाला लागूनच आहे. पहाटे इंजिन पेटवतात. थंड बॉयलरला वाफ धरायला तीन-चार तास लागतात, त्यामुळे पहिल्या फेरीच्या बऱ्याच आधी हालचाल सुरू होते. राख काढणं, तेल घालणं, कोळसा भरणं हे सगळं रस्त्यावरूनही दिसतं. आत जायचं असेल तर तिथल्या फोरमनला विचारून, तो हो म्हणाला तरच. इंजिनाचं तोंड त्या दिवशी कुठल्या दिशेला आहे हेही इथेच बघून घ्या. जाताना धुराडं पुढे असेल तर समोरून तिरका फोटो, केबिन पुढे असेल तर बाजूचा किंवा मागून तिरका जास्त चांगला दिसतो.

*बाजारातून जाणारा रूळ.* स्टेशन सोडल्यावर रूळ हिलकार्ट रोडच्या कडेने, दुकानांच्या पायरीला घासून जातात. इथे १८-५५ लावा आणि १८ ते २४ मध्ये राहा. फळवाला, छत्री, दारात उभी शाळकरी पोरं आणि मागे इंजिन. या रेल्वेचं वेगळेपण माझ्या मते इथेच आहे, बतासियापेक्षा जास्त.

*बतासिया.* १९१९ साली बांधलेला फेरा. गाडी स्वतःच्याच रुळावरून वळसा घेते, मधे गोरखा सैनिकांचं स्मारक आणि उत्तर-वायव्येला ८,५८६ मीटरचं कांचनजंगा. सकाळी डोंगराकडे तोंड करून उभं राहिलात की ऊन उजव्या खांद्यामागून येतं. गाडी इथे दहा मिनिटं थांबते आणि सगळे प्रवासी उतरून इंजिनाभोवती कोंडाळं करतात, तेव्हा उभ्या इंजिनाचा नाद सोडा. गाडी फेऱ्यात शिरताना एक आणि बाहेर पडून घूमकडे सुटताना एक, असे दोन मोके. बागेत आधीच तिकीट काढून, उंचवट्यावर ५५-२१० लावून थांबा. ९ नंतर डोंगर ढगात जाण्याची शक्यता वाढत जाते.

आणि माणसं! इथलं इंजिन दोघांनी चालत नाही. ड्रायव्हर, फायरमन, कोळशाच्या ढिगावर बसून मोठी ढेकळं हातोडीने फोडून मागे सारणारा एक, आणि पुढे बफरपाशी बसून चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर मुठीने वाळू सोडणारे. रूळ ओले असले की वाळूवाल्यांना क्षणाची उसंत नसते. ५५-२१० लेन्स १५० च्या आसपास ठेवून नुसती ती मूठ टिपा, खाली सांडणारी वाळू आणि मागे फिरतं चाक.

---

प्रकाशछाया

नॅरोगेज यांनी जागा-वेळ सांगितलीच आहे, मी सेटिंगचं लिहितो.

वाफ फटफटते कारण कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. तो फ्रेमचा सरासरी उजेड मधल्या करड्यावर आणायला बघतो. फ्रेममध्ये गडद इंजिन आणि झाडी जास्त असली की तो एक्सपोजर वाढवतो आणि वाफ जळते. पुढच्याच क्षणी भपकारा फ्रेमभर पसरला की उलटं होतं, तो एक्सपोजर पाडतो आणि इंजिन काळं. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही चुका, आणि दोन्ही ऑटोच्या.

म्हणून पूर्ण मॅन्युअल. गाडी यायच्या आधी त्याच उन्हातली पांढरी वस्तू शोधा, चुना मारलेली भिंत किंवा पांढरी गाडी. तिच्यावर झेब्रा (जळणारा भाग दाखवणारे पट्टे) किंवा हायलाइटची चेतावणी जेमतेम लुकलुकेल इतकं एक्सपोजर लावा आणि तिथून एक तृतीयांश स्टॉप खाली या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सकाळी ८-९ च्या स्वच्छ तिरप्या उन्हात ते आयएसओ २००, एफ ५.६, १/८०० च्या आसपास येईल. ढग आला तर परत मोजा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. सावलीतले दोन स्टॉप नंतर उचलता येतात, जळलेली वाफ परत येत नाही. आयएसओ कमी ठेवायचा तोही त्यासाठीच, नाहीतर उचललेल्या सावलीत दाणे दिसतात.

ऊन मागून घेऊन काढलेल्या वाफेला उठाव नसतो, ती सपाटच दिसणार. ऊन बाजूने किंवा किंचित समोरून असलं की ढगाला असतात तसे वाफेला गोलावे दिसतात. पूर्ण समोरून असलं तर कडा पेटल्यासारख्या उजळतात. तेव्हा कडांसाठी एक्सपोजर लावा आणि इंजिन छायाकृती म्हणून जाऊ द्या. दोन्ही वाचवायला गेलात तर फोटो धुतलेला वाटेल.

आता शटर. इथे थोडं गणित उपयोगी पडतं. इथल्या वाफेच्या इंजिनाचं, म्हणजे बी क्लासचं, चाक २६ इंचांचं, म्हणजे ६६ सेंटीमीटर. परीघ साधारण २.०७ मीटर. गाडी ताशी १२ किलोमीटरने चालली तर सेकंदाला ३.३ मीटर, म्हणजे चाकाचे दीड-पावणेदोन फेरे. त्यावरून शटर उघडा असताना चाक किती फिरतं ते पाहा:

१/५०० ला जेमतेम १ अंश. चाक थिजलेलं, गाडी उभी वाटते.
१/१२५ ला साडेचार-पाच अंश. आरे किंचित मऊ.
१/६० ला साडेनऊ अंश. आरे पुसट, दांडा ओळखू येतो.
१/३० ला १९ अंश. आरे पूर्ण विरघळतात, वेग दिसतो.
१/१५ ला ३८ अंश. चाकाची तबकडी होते, दांड्याचा पंखा.

मोठ्या ब्रॉडगेज गाडीसाठी दिलेला १/१२५ चा सल्ला इथे चालत नाही, कारण ही गाडी फारच हळू आहे. हिच्यासाठी १/३० हा पॅनिंगचा (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत काढायचा) आकडा. तिरक्या समोरून काढताना १/२५० पुरे, तिथे भपकाऱ्याचाच वेग दिसतो.

पॅनिंगमध्ये "सगळंच हललेलं" येण्याचं मुख्य कारण म्हणजे फार जवळ उभं राहणं. तीन मीटरवरून १८ मिमीने पॅन केलं तर इंजिनाचं पुढचं टोक आणि मागचं टोक तुमच्या नजरेसमोरून वेगवेगळ्या गतीने सरकतात, मग एकच ठिपका शार्प येतो. दहा-बारा मीटर मागे या, ५५ च्या आसपास लावा. पाय गाडी जिथे काटकोनात येणार तिकडे रोवा, कंबर आधी गाडी येते त्या बाजूला वळवा आणि तिथून गाडीबरोबर उलगडत या. फोकसचा एकच पॉइंट, केबिनच्या बाजूवरच्या नंबरपाटीवर. स्टॅबिलायझरला पॅनिंगचा मोड असेल तर तो लावा, नसेल तर बंद करा. शटर दाबून झाल्यावरही कंबर फिरत राहू द्या, थांबलात की शेवटच्या फ्रेमला झटका बसतो. दहातली एक-दोन चित्रं चांगली येतील, तोच हिशोब आहे.

दांड्याची जागा. चाकांना जोडणारा आडवा दांडा सगळ्यात खाली असताना इंजिन रेटून चालल्यासारखं दिसतं, वर असताना अवघडल्यासारखं. ताशी १२ च्या वेगाला एक फेरा ०.६ सेकंदात होतो. सेकंदाला ८ फ्रेमचा बर्स्ट (बोट दाबून ठेवून सलग फोटो) असेल तर एका फेऱ्यात पाच फ्रेम, म्हणजे त्यातली एक तरी खालच्या दांड्याजवळ पडतेच. दोन-तीन सेकंदांचा बर्स्ट पुरे.

---

भटकीभिंगरी

खूप खूप धन्यवाद दोघांनाही, वहीत उतरवून घेतेय. एक शंका: सकाळच्या उन्हात १/३० लावला तर फोटो जळणार नाही का? १/८०० पासून १/३० म्हणजे फारच उडी. आणि घूमला धुकं असेल तर हे सगळं बदलेल ना?

---

प्रकाशछाया

बरोबर पकडलंत. आयएसओ १०० केला तर एक स्टॉप सुटतो, पण उरलेल्यासाठी एफ १६-२२ पर्यंत जावं लागेल आणि तिथे क्रॉप सेन्सरवर चित्र मऊ पडतं, सेन्सरवरची धूळही ठिपक्यांनी दिसते. तीन स्टॉपचा एनडी ८ फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) घ्या. आयएसओ १००, एफ ८, १/३० असं बसेल. फिल्टर विकत घेताना लेन्सच्या तोंडावरचा व्यास बघून घ्या, तुमच्या दोन लेन्सांचा वेगळा असू शकतो. नाहीतर पॅनिंग सावलीतल्या पट्ट्यात करा, इमारतींमधून रूळ जातात तिथे सकाळी बरीच सावली असते.

हिलकार्ट रोडवर आणखी एक सोय आहे. रस्ता रुळाला समांतर आहे. टॅक्सी गाडीच्या वेगाने बरोबर चालली की इंजिन तुमच्या दृष्टीने स्थिर आणि मागचं सगळं पळतं. तेव्हा १/१५ सुद्धा जमतो. कॅमेरा आणि हात काचेच्या आतच ठेवा आणि ड्रायव्हरला आधीच सांगा की ओव्हरटेक करायचं नाही. अर्थात ट्रॅफिक तुंबला तर इंजिन तुम्हाला सोडून पुढे जाईल, हे तिथे रोजचं आहे.

धुक्यासाठी: धुकं उजळ असतं, मीटर त्यालाही करडं करायला बघतो. मीटर सांगेल त्यापेक्षा दोन तृतीयांश ते एक स्टॉप जास्त द्या. ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून गाडी जिथे टिपायची त्या स्लीपरवर आधीच फोकस करून मॅन्युअलला टाका. हेडलाइट पेटलेला असेल तर त्याच्या झोतापासून एक-दोन पावलं बाजूला व्हा, नाहीतर मधोमध पांढरा गोळा. संगणकावर धुकं काढायचा स्लायडर ओढू नका. वाफेचा मऊपणा त्याने करकरीत होतो आणि कडांना घाणेरडी करडी झाक येते.

शेडमध्ये भट्टीचं दार उघडलं तर व्हाइट बॅलन्स उन्हाचा ठेवा, ऑटो तो तांबडा रंग पुसून टाकतो. १/६०, एफ ३.५, आयएसओ ३२०० पासून सुरू करा. एक्सपोजर फायरमनच्या चेहऱ्यावर पडलेल्या उजेडाचं घ्या.

---

कोळसापाणी

सुरक्षितता आणि सामान, दोन्ही महत्त्वाचं.

रूळ दोन फुटी म्हणजे ६१० मिलिमीटरचे, पण डबे त्याच्या कितीतरी बाहेर येतात. रुळाच्या कडेपासून दोन मीटर हे किमान अंतर धरा. वळणावर डब्याचं मधलं पोट आतल्या बाजूला आणखी सरकतं, म्हणून वळणाच्या आत उभं राहायचं असेल तर तीन. भिंत आणि रूळ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत कधीही नाही. गाडी हळू आहे म्हणून लोक गाफील राहतात, पण उतारावर तिला पटकन थांबता येत नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना फिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, "रस्त्यालाच लागून आहे" ही सबब तिथे चालत नाही. गाडीत बसल्यावर कॅमेरा खिडकीबाहेर काढू नका, घरांच्या भिंती आणि खांब अक्षरशः हातावर असतात. ड्रोन तर नेऊच नका, नेपाळची हद्द जवळ आहे.

सुटताना चाकांजवळून येणारे फवारे भाजतात. इंजिनाच्या थेट बाजूला उभं न राहता तिरकं, निदान चार-पाच मीटरवर. आणि वाऱ्याकडे पाठ करा. वारा तुमच्याकडून गाडीकडे वाहत असेल तर भपकारा पलीकडे जातो आणि इंजिन मोकळं दिसतं. उलट असेल तर सगळी वाफ तुमच्या अंगावर, फोटोत इंजिनच नाही. बतासियाला गाडी गोल फिरते म्हणून वाऱ्याची बाजू दर काही सेकंदांनी बदलते. गाडी यायच्या आधी गवताची काडी सोडून वारा बघून घ्यायचा.

लेन्सवर दोन प्रकारचा मळ बसतो आणि दोघांचा उपाय वेगळा. कोळशाची कणी खरखरीत असते, ती कापडाने पुसली की काचेवर ओरखडा. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. दुसरे म्हणजे तेलकट ठिपके. सिलिंडरला दिलेलं तेल वाफेबरोबर धुराड्यातून उडतं आणि बारीक फवाऱ्याने येतं. ते कोरड्या कापडाने फक्त पसरतं, त्याला लेन्सचं द्रावणच लागतं. समोर साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा, सरळ समोर सूर्य घेताना मात्र काढा. लेन्स बदलायची तर गाडी यायच्या आधी, इंजिनापाशी उभं राहून अजिबात नाही.

थंडीतून हॉटेलच्या गरम खोलीत कॅमेरा तसाच नेला तर काचेवर आणि आतही दव धरतं. बाहेरच झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, खोलीत तासभर तशीच राहू द्या. मेमरी कार्ड आधीच बाहेर काढून घ्या म्हणजे फोटो बघायची घाई झाली तरी पिशवी उघडावी लागत नाही. जादा बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात.

ट्रायपॉड: पहाटे शेडबाहेर आणि संध्याकाळी कामाचा. बतासियाच्या गर्दीत आणि बाजारात अडचणच. स्टेशनात लावायचा असेल तर स्टेशन मास्तरांना विचारा. तुमचा मोनोपॉड जास्त उपयोगी पडेल.

---

घाटवाट

दार्जिलिंगविषयी सगळं आलंच आहे. पण वाफेच्या इंजिनाची ओढ लागली तर पुढची खेप निलगिरीच्या डोंगरी रेल्वेची ठेवा, आणि तिथले नियम वेगळे आहेत हे आत्ताच नोंदवून ठेवा.

मेट्टुपालयमहून सकाळी निघणारी गाडी कल्लार ते कुन्नूर दात्यांच्या रुळावर (मधल्या दातेरी पट्टीत इंजिनाचं दातेरी चाक अडकवत) चढते. चढ १२.५ ला १, म्हणजे साडेचार अंशांहून थोडा जास्त. एक्स क्लास इंजिन मूळ स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथल्या कारखान्याचं, नवी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बांधलेली. चढताना ते मागून ढकलतं. त्यामुळे समोरून फोटो काढलात तर डबेच येतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूने, गाडी निम्मी पुढे गेल्यावर काढायचा.

या इंजिनाला चार सिलिंडर आहेत. खालचे रुळावरच्या चाकांसाठी, वरचे दात्यांच्या चाकांसाठी. दात्यांचा रूळ सुरू झाला की खालच्यांनी वापरलेली वाफ वरच्यांकडे जाते आणि वरचे दांडे हलायला लागतात. हे दाखवायचं तर १/६०, म्हणजे दोन्ही दांड्यांची वेगळी लय ओळखू येते. १/१५ ला नुसता राखाडी धूसर डाग. हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेतं, तेव्हा खाली उतरून शांतपणे तपशील टिपता येतात. माकडांपासून लेन्सकॅप सांभाळा.

तिथे नोव्हेंबर-डिसेंबर टाळा. ईशान्य मोसमी पावसात दरडी पडून कल्लार-कुन्नूर टप्पा बंद होतो. जानेवारी ते मार्च चांगलं.

बरीच इंजिनं तेलावर चालणारी केली आहेत, त्यामुळे धुराची जात कोळशाच्या इंजिनाहून वेगळी. पण चढ इतका आहे की इंजिनाला क्षणभरही ढिलाई नाही, भपकारा सतत मिळतो.

---

नॅरोगेज

घाटवाट यांनी चढाचा विषय काढला म्हणून एक महत्त्वाची भर. चढावर काढलेला फोटो संगणकावर "सरळ" करताना लोक रूळ आडवा करतात. मग मागची घरं, खांब, देवदार सगळे तिरके पडतात आणि गाडी सपाटीवर चालल्यासारखी दिसते. इंजिनाने जिवाचं रान करून चढलेला चढ आपणच पुसून टाकतो! उभ्या रेघेला धरा: खांब, घराचा कोपरा, खिडकीची चौकट. ती सरळ झाली की रूळ आपोआप खरा कल दाखवतो. २५ ला १ चा चढ म्हणजे २.३ अंश, फोटोत चांगला जाणवतो.

आणि जायच्या आधी सराव हवा असेल तर माथेरान जवळ आहे. रूळ तेवढेच, दोन फुटी, वेगही जवळपास तोच. अमन लॉज ते माथेरान शटलच्या दिवसातून बऱ्याच फेऱ्या होतात. इंजिन डिझेलचं, त्यामुळे दांडे आणि भपकारा नाही, पण १/३० चं पॅनिंग, कंबर किती वेगाने फिरवायची, बर्स्ट कधी सुरू करायचा हे हाताला तिथेच बसेल. येताना नेरळला स्टेशनापाशी ठेवलेलं जुनं वाफेचं इंजिन बघा, १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गासाठी ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याने बांधलेल्यांपैकी एक. गडद रंगाचं इंजिन उन्हात उभं आहे. त्याच्या शेजारी पांढरा रुमाल धरा, प्रकाशछाया यांनी सांगितल्याप्रमाणे रुमालावर एक्सपोजर मोजा आणि रॉ फाइल घरी उघडून बघा, चाकांच्या सावलीतून किती तपशील उचलता येतो ते. तुमच्या कॅमेऱ्याची मर्यादा नेमकी कळेल.

---

भटकीभिंगरी

नेरळचं इंजिन रुमाल घेऊन या रविवारीच. एनडी ८ साठी व्यास बघितला, माझ्या दोन्ही लेन्सा ४९ मिमीच्या निघाल्या, एकच फिल्टर पुरेल. शेवटचं विचारते: दोन दिवसांत चार-पाच फेऱ्या मिळाल्या तर कशा वाटू?

---

नॅरोगेज

पहिल्या दिवशी पहिल्या फेरीला बतासिया, आकाश मोकळं असेल तर डोंगर तेव्हाच. नंतरच्या फेरीला तिकीट वापरून गाडीत बसा, उतरून जागा हेरा, कुठल्या वळणावर ड्रायव्हर रेग्युलेटर जास्त उघडतो ते कानाने ऐका. फुसफुस खणखणीत झाली की ती जागा वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पहाटे शेड, पहिल्या फेरीला बाजारातला रूळ, मग हेरलेल्या वळणावर पॅनिंग. पहिल्या दिवशी डोंगर ढगात असेल तर पहिल्या फेऱ्यांची अदलाबदल करा. शेवटची फेरी कॅमेरा पिशवीत ठेवून घूमच्या फलाटावर उभ्याने ऐका. चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके पडतात, सुटताना ते एकेक मोजता येतात.